चिकटवलेली पानं

(नाशिकमध्ये पालक आणि शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय ‘कुमार साहित्य व चित्रपटांतील प्रौढ विषय : एक चिंतन’ असा छापलाय. चिंतन वगैरे माझ्याच्यानं व्हायचं नाही. तीस वर्षं मी मराठी शिकवलं, आणि निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी इंदिरानगरात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सातवी ते दहावीच्या मुलांना पुस्तकं देते. दोन लोखंडी कपाटं, एक सतरंजी, एक नोंदवही. जे सांगायचंय ते बहुतेक तिथलंच आहे.

आमच्याकडे देणगीत आलेलं एक जुनं पुस्तक आहे. एका शाळेचा शिक्का आहे त्यावर, शाळेचं नाव सांगत नाही. हे पुस्तक कपाटात म्हणून ठरत नव्हतं. एकानं आणलं की दुसरा नेतो. मला नवल वाटायचं, कारण पुस्तक तसं बेताचंच. एका रविवारी बघते तर नववीतली तीन पोरं जिन्याजवळच्या ट्यूबलाइटखाली ते उभं धरून, एक डोळा मिटून आत बघतायत. दोन पानं कुणीतरी खळ लावून एकमेकांना चिकटवली होती. खालच्या कोपऱ्यात थोडी फट राहिली होती आणि त्या फटीतून आमचे हे संशोधक एकेक ओळ काढत होते. पुस्तकाची बाकीची पानं कुणी वाचली असतील तर शपथ.

मी ते घरी नेलं आणि ओल्या फडक्यानं हळूहळू पानं सोडवली. मनात म्हटलं, असेल काहीतरी प्रेमबिम. तसं काहीच नव्हतं. बाप दारू पिऊन येतो, आईला मारतो आणि मुलगा पांघरुणात तोंड खुपसून सतराचा पाढा म्हणत राहतो. बस, एवढंच. शाळेतल्या कुणा मोठ्या माणसाला वाटलं असेल की हे मुलांसमोर नको. आता मला सांगा, कुठल्या शाळेतल्या कुठल्या वर्गात असं एकही घर नसतं? जे पोरगं रात्री घरात तेच ऐकून सकाळी प्रार्थनेला उभं राहत होतं, त्याच्यापासून आपण ती दोन पानं लपवली.

प्रौढ विषय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं, ते बघा. शरीर. फार तर दारू आणि शिव्या. मरण येत नाही, कर्ज येत नाही, अपमान तर मुळीच येत नाही. आपण नाशिककर आहोत म्हणून मुद्दाम आठवण करून देते. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ इथल्या तुरुंगात लिहिली, १९३३ च्या फेब्रुवारीत, जेमतेम पाच दिवसांत तिचा बहुतेक भाग हातावेगळा केला. आपण ती पाचवीतल्या मुलाला वाढदिवसाला देतो. तिच्यात काय आहे? ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ हे तिच्यातल्या एका रात्रीचं, म्हणजे प्रकरणाचं, नाव आहे. सावकाराचा माणूस दाराशी येऊन आईसमोर नको ते बोलतो, घरचं सगळं हातचं जातं आणि शेवटी आई जाते. यातलं कोमल काय आहे? तरी गेल्या नव्वद वर्षांत हे पुस्तक मुलांना देऊ नका, असं म्हणणारा मला भेटलेला नाही. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, आणि आमच्या आधीच्या पिढीतल्या बायका लहान मुलांना मांडीवर घेऊन थिएटरात ढसाढसा रडल्या. मुलांना दुःख दाखवू नये, असं आपल्याकडे कधीच नव्हतं. ज्या दुःखात आपली, मोठ्यांची, अब्रू जाते तेवढं दाखवायचं नाही, असा सगळा मामला आहे.

आता वयात येण्याचा विषय. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ साली आली. ती काही मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाही, पण नववी-दहावीतली मुलं ती वाचतात. माझ्याकडची प्रत पाठीत तीनदा शिवून घेतली आहे. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत जाऊन बसणारी चार पोरं. त्यांच्या गप्पा नववीतल्या मुलांच्या असतात तशाच आहेत. एका आईनं माझ्याकडे पुस्तक परत आणून दिलं, म्हणाली, “बाई, यातली भाषा बघितलीत का?” मी म्हटलं, बघितली, तीस वर्षं वर्गाच्या मागच्या बाकावरून ऐकली. त्या कादंबरीत भाषेपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे सगळी हकीकत त्या चौघांतलाच एक मुलगा स्वतः आपल्याला सांगतोय. त्याच्या डोक्यात आपण बसलेलो असतो. त्याला मुलीबद्दल काय वाटतं, त्याची लाज, त्याची फुशारकी, सगळं आतून. त्यामुळे वाचणाऱ्या मुलाला वाटतं की चला, हे फक्त मलाच होत नाही. २०१२ मध्ये चित्रपट आला. चांगलाच आहे, मला आवडतो. पण कॅमेरा मुलाच्या डोक्यात शिरू शकत नाही, तो मुलाकडे बाहेरून बघतो. तीच लाज पडद्यावर आली की गोड दिसायला लागते. मोठी माणसं ‘आमचे दिवस आठवले’ म्हणत हसत बाहेर पडतात. माझ्या रविवारच्या मुलांना मात्र पुस्तकच जास्त आपलं वाटलं, आणि यात शिव्यांचा काही संबंध नव्हता.

दुसरी गंमत बघा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे म्हणजे फुरसुंगीचा बनेश, शाळकरी पोरगा. २०१७ साली त्याच्यावर चित्रपट निघाला, त्यात खून आहे, वैद्यकीय प्रवेश परीक्षेतला घोटाळा आहे, आणि बनेश चक्क मोठा झालाय. म्हणजे पडद्यावर विषय जड आणायचा तर मुलाचंच वय वाढवायचं! भागवतांचा शाळकरी बनेश सायकलवर बसून चोरांच्या मागे जायचा, तेव्हा आम्हाला कुणी वय विचारलं नव्हतं.

पण हसण्यावारी नेऊ नये अशीही एक गोष्ट आहे. आमच्याकडे सातपूरहून एक मुलगा यायचा. त्याचा मोठा भाऊ बुडून गेला होता. मला हे माहीत नव्हतं, चूक माझीच. मी त्याला जी कादंबरी दिली तिच्यात नदीत बुडण्याचा प्रसंग आहे. एरवी आठवड्यात परत आणणारा हा मुलगा तीन रविवार पुस्तक नुसतं बरोबर घेऊन यायचा आणि तसंच घेऊन जायचा. सिटी बसचं तिकीट खुणेसाठी घातलेलं असायचं, ते एकाच जागी. चौथ्या रविवारी तिकीट पुढं सरकलेलं दिसलं. मी काही विचारलं नाही. पुस्तक त्यानं संपवलं.

पुढं काही महिन्यांनी आम्ही मुलांना प्रोजेक्टरवर एक चित्रपट दाखवला. त्यातही पाणी होतं. मुश्किलीनं दोन मिनिटांचा प्रसंग असेल. हा मुलगा उठला आणि चपला न घालताच गेटबाहेर गेला. त्या दिवसापासून मी चित्रपट आधी पूर्ण पाहिल्याशिवाय लावत नाही, आणि कशावर आहे ते मुलांना आधी सांगते. कोणाला नको असेल त्यानं बाहेर कॅरम खेळावा. पुस्तकात त्या मुलाच्या हातात तिकीट होतं. किती पुढं जायचं, कधी थांबायचं, ते पाणी केवढं खोल दिसू द्यायचं, हे सगळं त्याच्या ताब्यात होतं. बारा वर्षांचं पोर वाचतं तेव्हा त्याच्या मनात त्याला पेलेल एवढंच चित्र उभं राहतं. पडद्यावर मात्र चाळीस वर्षांच्या दिग्दर्शकानं पाहिलेलं चित्र दिसतं, त्यानं ठरवलेल्या वेळात, आवाजासकट.

परदेशातलं एक उदाहरण सगळ्यांनी माहीत करून घ्यावं असं आहे. ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ ही जे अ‍ॅशर यांची अमेरिकी कुमार कादंबरी, २००७ ची. एका शाळकरी मुलीनं आत्महत्या केलेली आहे आणि तिनं मागे ठेवलेल्या कॅसेट एक मुलगा ऐकतो. म्हणजे वाचकापर्यंत सगळं ऐकीव येतं. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सनं त्यावर मालिका केली आणि तिचं मरण जवळजवळ तीन मिनिटं, तपशीलानं, पडद्यावर दाखवलं. मानसोपचारतज्ज्ञांनी आणि पालकांनी खूप विरोध केला. आत्महत्येची रीत तपशीलात सांगू नये, हे तर जागतिक आरोग्य संघटना पत्रकारांनाही बजावत असते. शेवटी २०१९ च्या जुलैमध्ये नेटफ्लिक्सनं तो प्रसंग काढून टाकला. विषय मालिकेत तसाच राहिला, गेली ती तीन मिनिटं. कात्री कुठं लावायची, हे त्यांना दोन वर्षं उशिरा कळलं. ‘हंगर गेम्स’ या अमेरिकी कुमार कादंबरीवरच्या चित्रपटात तर मुलं मुलांना मारतात, आणि २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये बारा वर्षांच्या मुलांना चित्रपट बघता यावा म्हणून कापले ते फक्त सात सेकंद. मला स्वतःला ते सात सेकंद म्हणजे ढोंग वाटतं, पण तो वेगळ्या भाषणाचा विषय झाला.

आपल्याकडे पूर्वी चित्रपटांवर सेन॓सॉरचा ‘यू/ए’ म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलानं पालकांसोबत बघावा असा सरसकट शिक्का होता. २०२३ च्या कायद्यानं त्याचे सात, तेरा आणि सोळा असे तीन भाग केले. चांगलं झालं. फक्त शिक्का वाचणारं माणूस घरात हवं. मूल मोबाइल घेऊन गॅलरीत बसलेलं असतं तेव्हा शिक्का कोण बघतो? आणि पुस्तकाला तर शिक्काच नसतो, तिथं मी असते किंवा तुम्ही असता.

मागच्या वेळी एका वडिलांनी मला ठणकावून विचारलं होतं, “मॅडम, मग तुम्ही मुलींना तसल्या गोष्टी पण देणार?” तसल्या म्हणजे, नात्यातला कुणीतरी नको तिथं हात लावतो, अशा. होय, देते. आठवी-नववीच्या मुलींना देते आणि मुलांनाही देते. लहान मुलांना असं छळणाऱ्यांसाठी २०१२ साली आपल्या देशात पॉक्सो कायदा आला. पण कायद्याकडे जायच्या आधी त्या मुलीला कुणाला तरी सांगावं लागतं, आणि सांगायला शब्द लागतात. आपण घरात ते शब्दच ठेवलेले नाहीत. दुसऱ्या कुठल्यातरी मुलीच्या गोष्टीत ते सापडले तर सापडले. अशी गोष्ट देण्याआधी मी दोनच गोष्टी बघते. लेखकानं तिच्या हालांचा तमाशा मांडलाय का, आणि गोष्टीत तिचं म्हणणं खरं मानणारी एखादी आत्या, मावशी, बाई, कुणीतरी आहे का. प्रत्येक गोष्टीचा शेवट गोड असावा, असं माझं म्हणणं नाही. पण लेखकानं मुलाला अंधाऱ्या खोलीत नेलं तर त्यानं त्याच्यासोबत थांबायला हवं. मुलांच्या पुस्तकात हल्ली दारू, घटस्फोट, आत्महत्या नुसती फोडणीला घातल्यासारखी येतात. एका प्रकरणात चटका देतात आणि पुढं लेखक सहलीला निघून जातो. ही पुस्तकं मला प्रेमाच्या गोष्टींपेक्षा जास्त खटकतात. शिक्षक मंडळींनी विषयाची यादी करण्यापेक्षा हे तपासावं, थोडे कष्ट पडतात, पण पडू देत.

त्या चिकटवलेल्या पुस्तकाचं पुढं काय झालं, ते राहिलंच. पानं सोडवून मी ते परत कपाटात ठेवलं आणि त्याची मागणी एकदम बसली. त्या तीन संशोधकांनी ती दोन पानं उभ्या उभ्या वाचली, एकमेकांकडे बघितलं, काही न बोलता पुस्तक ठेवलं आणि क्रिकेट खेळायला गेले. वर्षभर ते कुणी नेलं नाही. मग सातवीतली एक मुलगी घेऊन गेली. तीन आठवड्यांनी आली, नोंदवहीत सही केली आणि तिथंच उभी राहिली. म्हणाली, “बाई, तो मुलगा सतराचा पाढा म्हणत असतो ना, ते पुढं कुठं आलंच नाही. त्याचे बाबा पण नंतर एकदम चांगलेच आहेत. लेखक विसरला का?”

मी घरी जाऊन पुस्तक पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. विसरला होता.