१९७३ : बिनगाड्यांचा रविवार

[काळी-पांढरी चित्रफीत. रिकामा महामार्ग.]

हा नेदरलँड्समधला महामार्ग. गाडी एकही नाही. मधोमध पोरं रोलर स्केट्सवर घसरत चालली आहेत. मागून एक घोडेस्वार येतोय, रमतगमत, रस्ता त्याच्याच वाडवडलांनी बांधल्यासारखा. रविवार, ४ नोव्हेंबर १९७३. सरकारने आज गाड्यांना बंदी घातली आहे. डॉक्टर आणि तसेच काही मोजके लोक सोडले, तर गाडी दाराबाहेर काढायची नाही.

याचं कारण दूर, सुएझ कालव्याच्या काठी. महिन्याभरापूर्वी, ६ ऑक्टोबरला, इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर हल्ला चढवला. इस्रायलची पाठराखण करणाऱ्यांना अरब देशांनी तेल बंद केलं. त्यात अमेरिका होती आणि हा टीचभर देशही. कच्च्या तेलाचं पिंप तीन डॉलरच्या आसपास मिळायचं, ते जानेवारीपर्यंत बाराच्या घरात गेलं. आपल्याकडेही पेट्रोल असं भडकलं, की १२ नोव्हेंबरला अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत पोचले.

१ डिसेंबरला डच पंतप्रधान योप डेन आऊल टीव्हीवर आले. संकटाआधीचं जग काही परत यायचं नाही, असं त्यांनी देशाला सांगितलं. जानेवारीतच रविवारची बंदी उठली. पुढच्या उन्हाळ्यात तेलबंदीही उठली आणि रस्ते पुन्हा गाड्यांनी भरले. पंतप्रधानांचं भाकीत फसलं, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर त्याला खोडून काढणं अवघड होतं.

[शाळकरी मुलं, हातात फलक.]

पण या देशात एक राग तेलाच्या आधीपासून धुमसत होता. १९७१ या एका वर्षात तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, आणि त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. त्यातली एक सहा वर्षांची मुलगी सायकलवरून शाळेत निघाली होती. तिचा बाप पत्रकार. त्याने पुढच्या वर्षी आपल्या वृत्तपत्रात लेख लिहिला. मथळा होता, ‘मुलांची हत्या थांबवा’. अपघात हा शब्दच त्याने टाकून दिला. याच नावाने आयांची, बापांची, शेजाऱ्यापाजाऱ्यांची चळवळ उभी राहिली. अपघात व्हायचे त्या चौकांत हे लोक ठाण मांडायचे. गल्लीची दोन्ही तोंडं बंद करून रस्त्यावर टेबलं लावायचे आणि सगळ्या आळीची पंगत बसवायचे. चौकशीला आलेल्या पोलिसाचं त्या पंगतीपुढे काय चालणार!

तेलबंदीने या लोकांना नवा विचार काही दिला नाही. त्यांनी लाख वेळा तोंडाने सांगितलं असतं, ते अख्ख्या देशाने रविवारमागून रविवार डोळ्यांनी पाहिलं: गाड्या नसलेली गल्ली कशी दिसते, मुलांचा आवाज किती लांबून ऐकू येतो. दोन वर्षांत सायकलस्वारांची संघटना निघाली. टिलबर्ग आणि द हेगमध्ये सरकारी पैशाने प्रयोग म्हणून सायकलमार्ग बांधले गेले. पुढे डेल्फ्टने अख्ख्या शहराचं सायकलजाळं विणलं. गाड्या तेव्हापेक्षा कितीतरी वाढल्या, तरी आज तिथे वर्षाला सातशेच्या आत-बाहेर लोक रस्त्यांवर दगावतात.

[अणुभट्टीचे शीतक मनोरे.]

त्याच हिवाळ्यात फ्रान्सने काय केलं? मार्च १९७४ मध्ये पंतप्रधान मेस्मेर यांनी जाहीर केलं, की यापुढे वीज अणूपासून. संसदेत धड चर्चासुद्धा झाली नाही. ‘फ्रान्सकडे तेल नाही, पण कल्पना आहेत,’ ही घोषणा त्याच काळातली. विरोध झाला नाही असं नाही. १९७७ मध्ये मालव्हिलच्या अणुभट्टीविरोधी निदर्शनांत एकाचा जीवही गेला. पण पॅरिसच्या नोकरशाहीने पाऊल मागे घेतलं नाही. पुढच्या वीसेक वर्षांत पन्नासहून जास्त अणुभट्ट्या उभ्या राहिल्या. आज तिथली सुमारे दोन-तृतीयांश वीज अणूची आहे.

[डेन्मार्क. सपाट माळ, भन्नाट वारा.]

डेन्मार्कची ऊर्जा तर जवळजवळ सगळीच आयात तेलावर. सरकारने तिथेही अणुभट्ट्यांचे आराखडे काढले. कोपनहेगनमधून पाहिलं तर समुद्रापलीकडे स्वीडनची बार्सेबेकची भट्टी उभी राहत होती. विषय असा डोळ्यांसमोरच. १९७५ मध्ये ऑरहूसमधल्या ॲन लुंड या विशीतल्या विद्यार्थिनीने एक बिल्ला काढला. पिवळ्या पार्श्वभूमीवर हसरा लाल सूर्य आणि भोवती शब्द, ‘अणुऊर्जा? नको, धन्यवाद.’ शिवी नाही, मूठ नाही, घरी आलेल्या विक्रेत्याला दारातून परत पाठवावं तसा नकार. तो बिल्ला पुढे जगभर छातीवर मिरवला गेला.

पण नुसत्या नकाराने दिवा लागत नाही. त्याच वर्षी पश्चिम किनाऱ्याजवळ त्विंडच्या शाळेतले शिक्षक आणि विद्यार्थी पवनचक्की बांधायला बसले. मनोरा ५३ मीटरचा. पाती फायबरग्लासची, जागेवरच हातांनी घडवलेली. तज्ज्ञ येऊन सल्ला देत होते, स्वयंसेवक रांगेने काम करत होते. १९७८ मध्ये ती फिरू लागली, तेव्हा जगातल्या सगळ्यात मोठ्या पवनचक्क्यांपैकी ती एक होती. पंचायतीच्या शाळेने धरण बांधावं, तशातला हा प्रकार. पुढच्याच वर्षी शेतीची यंत्रं करणाऱ्या वेस्टास या कंपनीने पवनचक्क्या विकायला सुरुवात केली. १९८५ मध्ये डॅनिश संसदेने अणुवीज देशाच्या नियोजनातून काढून टाकली. आज डेन्मार्कची निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यावर चालते, आणि त्विंडची चक्की अजून फिरतेय.

तेल महागलं ते तिघांसाठीही. पण डच आळ्यांत आया बसल्या होत्या, पॅरिसमध्ये अभियंते, आणि डेन्मार्कमध्ये बिल्लेवाले व सुतार-लोहार. त्या वर्षीच्या बातम्यांत या लोकांचा ठावठिकाणा शोधायचा, तर तो आतल्या पानावरच सापडेल. पहिल्या पानावर होते सगळे मंत्री आणि शेख.

[मुंबईचा समुद्र. सागरी तेलमंच.]

आपल्या किनाऱ्यावर योगायोग वेगळाच होता. जपानमध्ये बांधलेलं ‘सागर सम्राट’ हे खोदजहाज मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर काम करत होतं. शोध आधीपासून चालू होता, पण तेल लागलं ते फेब्रुवारी १९७४ मध्ये, नेमकं भाव गगनाला भिडलेले असताना. १९७६ मध्ये मुंबई हाय या सागरी तेलक्षेत्रातून तेल निघू लागलं. उरणच्या भातशेतीच्या, मिठागरांच्या टापूत प्रकल्प आला.

आणि आखातात तेलाचा पैसा जमला होता, त्यातून बांधकामं करायला माणसं हवी होती. वायरमन, प्लंबर, ड्रायव्हर, खलाशी. चिपळूण, खेड, दापोलीतली, रत्नागिरीतली मुलं पासपोर्ट काढून मुंबईला आली आणि एजंटच्या दारात उभी राहिली. मुंबईच्या मनीऑर्डरवर चालणाऱ्या घरांत आता ‘दुबईवाला’ हा नवा नातेवाईक आला. तो सुटीवर यायचा तेव्हा सगळी वाडी अंगणात जमायची. बॅगेतून परदेशी साबण निघायचा, अत्तराची कुपी निघायची, आणि सगळ्यात शेवटी, कपड्यांत गुंडाळलेला टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेटप्लेअर एकातच. कॅसेट कोणती लावायची यावरून मग घरात पहिलं भांडण.