झोळीऐवजी स्ट्रेचर : राजहंसगड ते आमगाव

(निवेदन)

(दृश्य : राजहंसगडाची तटबंदी, पहाटेचं धुकं)

राजहंसगड. वर सिद्धेश्वराचं देऊळ, पायथ्याला येळ्ळूरची शिवारं. बासमती कापून झालीय, भात निघालेल्या वावरांत मसूर उगवून आलाय. इथं उभं राहून पश्चिमेकडं बघितलं की एकामागं एक डोंगररांगा दिसतात. खानापूर तालुक्यातलं जंगल तिथंच सुरू होतं. बेळगावातले हे मित्र त्या जंगलातल्या आमगावापर्यंत पायी निघालेत.

कुणी उद्यमबागेतल्या फौंड्रीत कामाला आहे, कुणी वायरमन, कुणी मराठी शाळेत मास्तर. एक जण भाजी मार्केटात हमाली करतो. सोबत एक नर्सताई आहेत, त्यांना सगळे 'सिस्टर' म्हणतात. दरवर्षी दिवाळीनंतर हे सगळे कुठल्या ना कुठल्या गडावर जातात. यंदा गड सुरुवातीलाच झाला, कारण पुढची वाट एका कामासाठी आहे.

(दृश्य : चौघांच्या खांद्यावर स्ट्रेचर, त्यावर पोतं)

हे ते काम. घडी होणारा स्ट्रेचर. जंगलातल्या गावांसाठी.

पावसाळ्यात या गावांतलं कुणी आजारी पडलं, की त्याला झोळीत घालून आणतात. झोळी कशी करतात ते बघा. घरातलं जाड घोंगडं घ्यायचं, दोन्ही टोकं गोळा करून गाठ मारायची आणि मधून बांबू घालायचा. पुढं एक, मागं एक. खांदा भरून आला की चालता चालताच माणूस बदलायचा. झोळीतला माणूस मात्र सबंध वाटेत दुमडलेला राहतो. मान छातीला, गुडघे पोटाशी. ताप असेल तर तो निभावून जातो. कुणी झाडावरून पडून पाठीला मार लागला असेल, एखादी बाई अडली असेल, तर ते दुमडणंच जिवावर येतं. सिस्टर हे पुन्हा पुन्हा सांगतात : पेशंट आडवा आला पाहिजे, सरळ आला पाहिजे.

(दृश्य : वर्कशॉप, नळ्या कापताना ठिणग्या, बिजागरी)

फौंड्रीतल्या दोघांनी हे मनावर घेतलं. ड्युटी संपली की रात्री एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये बसायचं. नळ्या ॲल्युमिनियमच्या, म्हणजे वजन कमी. मधोमध बिजागरी, म्हणजे घडी करून घराच्या आढ्याला टांगून ठेवता येईल. वर जाड ताडपत्री. पाणी साचू नये म्हणून तिला खाली भोकं. छातीला, कमरेला आणि पायांना पट्टे. पहिला नमुना दवाखान्यातल्या मापाचा होता. तो जंगलातल्या पायवाटेच्या वळणावर झाडांत अडकायला लागला, मग दांडे आखूड केले. हमालीचं काम करणाऱ्या मित्रानं दांड्याला गोणपाट गुंडाळायला लावलं. घामानं आणि पावसानं हात कुठं निसटतो, हे त्याच्याएवढं कुणाला ठाऊक?

पैशाची सोयही त्यांनी चालण्यातूनच केली. दर किलोमीटरला अमुक रुपये, अशी वर्गणी लोकांनी वहीत लिहून दिली. गणपती मंडळांनी लिहिली, महिलांच्या भिशीनं लिहिली, मार्केटातल्या हमालांनी लिहिली. रिकामा स्ट्रेचर मिरवायचा नाही, हेही आधीच ठरलं. म्हणून त्यावर पन्नास किलोचं तांदळाचं पोतं बांधलंय. तांदूळ येळ्ळूरचा.

(दृश्य : बैलूरचा डोंगर, चढण, खांदेपालट)

हा बैलूरचा डोंगर. मार्कंडेय नदी इथनं निघते. राकसकोप जलाशय हिच्यावरच आहे, आणि बेळगावच्या नळाला तिथलंही पाणी येतं. आपण घरात तांब्याभर पाणी घेतो, त्यात या डोंगराचंही असतं.

चढ आला की पुढच्या दोघांनी दांडा हातात, खाली धरायचा आणि मागच्यांनी खांद्यावर घ्यायचा. पोतं सरळ राहतं. सिस्टर पोत्याजवळनं चालतात, पट्टे तपासतात. "डोकं सांभाळा," असं त्या पोत्याच्या एका टोकाला हात लावून म्हणतात, आणि कुणी हसत नाही.

(दृश्य : जांबोटी, बाजार, मग कणकुंबी, माउलीचं देऊळ)

जांबोटी मागं पडली. कणकुंबी आली. माउलीदेवीच्या या गावात मलप्रभा उगम पावते. इथनं ती पूर्वेला वळते, खानापूर ओलांडते, सौंदत्तीजवळ तिच्यावर धरण आहे. हुबळी-धारवाडला त्याचंच पाणी जातं. पुढं कूडलसंगमला ती कृष्णेला मिळते.

(दृश्य : कळसा कालव्याचं खोदकाम)

आणि याच परिसरातलं दुसरं पाणी पश्चिमेला जातं. ते म्हादईचं. गोव्यात तिला मांडवी म्हणतात. तिचं पाणी कुणी किती घ्यायचं, यासाठी 2010 साली लवाद नेमला गेला आणि 2018 साली त्याचा निवाडा आला. कर्नाटकाच्या वाट्याला 13.42 टीएमसी. म्हादईच्या खोऱ्यातलं पाणी मलप्रभेत वळवण्यासाठी खोदलेला कणकुंबीजवळचा हा कालवा त्याच वादातला. पाण्याच्या एकेका थेंबाचा हिशेब झालाय. हे पाणी जिथं जन्माला येतं, तिथं राहणाऱ्या माणसांना मात्र पावसाळ्यात आपल्याच गावचा नाला ओलांडता येत नाही. तो हिशेब कुणी मांडायचा?

(दृश्य : चिखल्याच्या पुढची जंगलवाट)

चिखले सोडलं की आमगावची वाट जंगलात शिरते. भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं. अस्वलं आहेत, गवे आहेत. बारापेडे गुहांत जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारं रॉटनचं वटवाघूळ आहे. हे जंगल राहिलंच पाहिजे. पण ही गावंही अभयारण्याच्या आधीची. पक्का रस्ता करायचा तर वन्यजीव कायद्याची मंजुरी लागते आणि वर्षं सरतात. तळेवाडीच्या कुटुंबांचं पुनर्वसन सुरू झालंय. बाकीची माणसं आहेत तिथंच आहेत.

(दृश्य : नाला, लाकडी साकव, एक जण पाय चाचपत पलीकडं जातो)

आता नाल्याला घोट्याएवढं पाणी आहे. हा साकव गावकऱ्यांनी स्वतः बांधलाय, ओंडके टाकून. आमगाव कर्नाटकातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांत मोडतं. मिरग लागला की साकवावरनंच जायचं, नाहीतर घरात बसायचं. स्ट्रेचर यावरनं जातो का, हे बघायचंच होतं. एका वेळी दोघंच. मास्तर पुढं, वायरमन मागं. मधल्या ओंडक्यावर पुढचा पाय सरकतो, दांडा कलतो, पण पट्ट्यांनी पोतं धरून ठेवलंय. पार झाले.

(दृश्य : आमगाव, अंगण, जमलेल्या बायका)

पोतं उतरलं. गावच्या पोरांनी लगेच स्ट्रेचर ताब्यात घेतला, घडी घालून बघितली, उघडून बघितली. सिस्टरांनी एका पोराला आडवं झोपवलं आणि पट्टे कसे बांधायचे ते दाखवलं. एक आजी ताडपत्रीवरनं हात फिरवत होत्या. "माझ्या सुनंला झोळीत घालून न्हेलतं," त्या म्हणाल्या. "वाटंतच बाळ झालं बघा."

रात्री नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं. तांदूळ शाळेच्या खोलीत ठेवला.

वर्गणीतून आणखी स्ट्रेचर होतील एवढी रक्कम जमलीय. गवाळी, पास्टोली, कोंगळा आणि कृष्णापूर या गावांना ते मिरगाच्या आधी पोचवायचेत. नेरशाकडनं जायचं, भांडुरा नाल्याच्या वाटेनं. दांडे अजून चार बोटं आखूड करायचे, असं साकवावर ठरलंय.