विंगेत काय चालतं

(शिक्षकांच्या एका मेळाव्यातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मला आलेल्या पत्रात विषय लिहिला होता, 'शालेय कार्यक्रम आणि शालीनता'. फोनवर तो सोपा करून सांगण्यात आला, "बाई, ते गॅदरिंगमधल्या कपड्यांचं आणि गाण्यांचं जरा बोला." मी लगेच हो म्हटलं, कारण त्यावर मी सव्वीस वर्षं बोलतेच आहे. तालमीत मध्येच टाळी वाजवून गाणं बंद करायला लावणारी एक बाई प्रत्येक शाळेत असते. आमच्या शाळेत ती मी. मुलं पाठीमागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. इथे सांगत नाही, व्याख्यान शालीनतेवर आहे.

गाण्यांपासून सुरुवात करते. एका वर्षी तिसरीच्या मुलींचा नाच बसत होता. गाणं त्या वर्षी सगळीकडे वाजत होतं. ठेका छान, मुली जीव तोडून नाचत होत्या. कंबर कशी लचकवायची, डोळा कसा मारायचा, खालचा ओठ कसा चावायचा हे नाच बसवायला आलेल्या दादाने हौसेने शिकवलं होतं. मधल्या सुट्टीत त्यातली एक मुलगी माझ्याकडे आली आणि गाण्यातल्या एका शब्दाचा अर्थ विचारू लागली. मी म्हटलं, "नंतर सांगते." ती बिचारी दोन दिवस येऊन विचारत राहिली. त्या शब्दाचा अर्थ तिला कळेल असा आणि मला सांगता येईल असा नव्हताच. तिला तो शब्द तोंडपाठ होता, आणि तो म्हणताना चेहरा कसा करायचा हेही पाठ होतं.

तेव्हापासून माझी एक साधी चाळणी आहे. ज्या ओळीचा अर्थ मुलाने विचारला तर मला मान खाली घालावी लागेल, ती ओळ त्याच्या तोंडी द्यायची नाही. गाणं जुनं की नवं, सिनेमातलं की बाहेरचं, याच्याशी मला देणंघेणं नाही. जुन्या गाण्यांतही काय काय आहे ते तुम्हालाही माहीत आहे. आपण ती लहानपणी ऐकली म्हणून सोवळी वाटतात, एवढंच.

पालक म्हणतात, "बाई, त्यांना कुठे अर्थ कळतो?" खरं आहे. पण तो समोर बसलेल्या तीनशे मोठ्या माणसांना कळतो. आठ वर्षांच्या मुलीने डोळा मारला की जो हशा पिकतो, तो नाचाला नसतो. ती मात्र तो आपल्या नाचाला मिळाला असं समजून घरी जाते. मला राग येतो तो याचा. त्या मुलीचा कधीच नाही.

इथपर्यंत तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या माना हलताहेत. आता जे सांगणार आहे ते माझ्याच अंगाशी आलेलं आहे.

एकदा पाचवीच्या नाचातल्या झग्यांच्या लांबीवरून मी जवळजवळ पंधरा दिवस भांडले. मुख्याध्यापकांशी, कपडे भाड्याने देणाऱ्याशी, पालकांशी. शेवटी झगे चार बोटं लांब झाले. मी जिंकले. कार्यक्रमाच्या संध्याकाळी सेफ्टी पिना शोधत मी रंगमंचामागच्या वर्गात गेले. तिथे एकाच खोलीत तीन नाचांची मुलं कपडे बदलत होती. खिडक्यांना पडदे नाहीत. दार उघडंच, कारण सारखी ये-जा. ध्वनिक्षेपकवाला वायर ओढत मधूनच चालला होता. कुणाचे तरी वडील पाण्याची बाटली द्यायला आत आले होते. आणि मागच्या बाकाआड एक दहा वर्षांची मुलगी तो माझा चार बोटं लांब झालेला झगा छातीशी कवटाळून उभी होती. ती अंगातला फ्रॉक काढायला तयार नव्हती. पाचच मिनिटांपूर्वी दारातून डोकावून तिला कुणीतरी ओरडलं होतं, "पटकन बदल, कोण बघतंय तुझ्याकडे?"

ते ओरडणारी मीच होते.

पंधरा दिवस मी जिच्या शालीनतेसाठी भांडत होते, तिची लाज त्या खोलीत एकट्या तिनेच सांभाळली. मी तिला आणखी घाई करत होते. मग दोन बाकं उभी केली, त्यांवर बॅनर टाकला आणि आडोसा केला. पिना तेव्हा कामाला आल्या.

तेव्हापासून मी विंगेकडे आधी बघते, रंगमंचाकडे नंतर. मुलामुलींना वेगवेगळ्या खोल्या, खिडकीला काहीतरी पडदा, दारात आपल्यापैकी एकजण, आणि आत मोबाइल न्यायचा नाही. याला पैसे लागत नाहीत. वेळापत्रकात पंधरा मिनिटं लागतात. ती पंधरा मिनिटं आपल्याकडे नसतात, कारण प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आलेले असतात. पाहुण्यांच्या उशिराबद्दल मला फार बोलायचं नाही. नटूनथटून तासभर ताटकळलेल्या मुलांना 'शिस्त' या विषयावर भाषण ऐकवायचं, हे आपल्यालाच जमतं.

कपड्यांकडे पुन्हा येते, कारण अंगावर काय आहे याचा मनावर काय परिणाम होतो याचा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९८ साली प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन मुलामुलींपैकी काहींना पोहण्याचा पोशाख घालायला दिला, काहींना स्वेटर. खोलीत आरसा होता, बाकी कुणी नाही. मग त्यांना गणितं सोडवायला दिली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींची गणितं स्वेटरवाल्या मुलींपेक्षा जास्त चुकली. मुलांच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. खोलीत बघणारं कुणी नव्हतं तरीही! 'आपण कसे दिसतोय' हा विचार डोक्यातली जागा अडवतो. मग समोर तीनशे माणसं आणि दीडशे मोबाइल असताना, ज्या कपड्यात आपल्याला अवघडल्यासारखं होतं त्यात मुलगी नाचत असेल, तर तिचं लक्ष पावलांकडे राहील की झगा खाली ओढण्याकडे?

म्हणून तिलाच विचारावं. इथे आपली गाडी अडते, कारण शालीनता म्हणजे मोठ्यांनी ठरवायची लांबी अशी आपली समजूत. मोठ्यांच्या खेळांतही हेच चाललं. २०२१ साली युरोपातल्या बीच हँडबॉल स्पर्धेत नॉर्वेच्या महिला संघाने बिकिनीऐवजी आखूड चड्ड्या घातल्या म्हणून त्यांना १५०० युरो दंड झाला. पुरुषांना चड्ड्या चालत होत्या. बायकांच्या बिकिनीची बाजूची पट्टी दहा सेंटिमीटरपेक्षा रुंद नको, असा चक्क लेखी नियम होता. जगभर ओरड झाली आणि पुढे तो नियम बदलला. त्याच्या दहा वर्षं आधी, २०११ मध्ये, इराणच्या महिला फुटबॉल संघाला डोकं झाकल्यामुळे ऑलिंपिक पात्रतेचा सामना खेळू दिला नव्हता. ती बंदी २०१४ मध्ये पूर्णपणे उठली. एका ठिकाणी पाय झाकले म्हणून शिक्षा, दुसऱ्या ठिकाणी डोकं झाकलं म्हणून. आणि कुणी जास्त झाकायची सक्ती केली, तरी माझ्या मते दुखणं तेच. अंग तिचं आणि फूटपट्टी दुसऱ्याच्या हातात.

आमच्याकडे आता नाच बसण्याआधी कपड्यांचे नमुने मुलांना दाखवतो आणि घालून वाकायला, उडी मारायला, खाली बसायला सांगतो. ज्याला नको वाटेल त्याने चिठ्ठीत लिहायचं, नाव न घालता. पहिल्याच वर्षी सर्वांत जास्त चिठ्ठ्या मुलग्यांच्या निघाल्या! उघड्या अंगावर रंग फासून मावळे व्हायला त्यांना आवडत नव्हतं. सव्वीस वर्षांत मी मुलग्यांच्या लाजेचा विचारच केला नव्हता. 'मुलगा आहे, त्याला काय होतंय' हे वाक्य माझ्याही तोंडी होतं.

आता मोबाइल. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचं सोळावं कलम एकदा सवडीने वाचा. मुलाच्या खासगीपणात मनमानी ढवळाढवळ नको आणि त्याच्या मानप्रतिष्ठेवर बेकायदा हल्ला नको, हे दोन्ही तिथे एकाच वाक्यात आहे. मला ती जोडी फार नेमकी वाटते. नाचताना पडलेल्या मुलाचा व्हिडिओ रात्री गटात फिरतो, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. तो मुलगा सोमवारी शाळेत येत नाही. आपण म्हणतो, ताप आला असेल. आमच्या शाळेत आता शाळेचाच एक माणूस चित्रण करतो आणि ज्याच्या त्याच्या नाचाचं त्याच्या घरी जातं. पालक कुरकुरले. पहिल्या वर्षी निम्म्यांनी ऐकलं नाही. अजूनही काही ऐकत नाहीत. पण पुढच्या रांगा आता बऱ्यापैकी दिसतात, एवढा फायदा झाला.

आदराबद्दल थोडंच बोलते. नाटुकल्यांमध्ये हशा कुणावर काढला जातो ते बघा. तोतरं बोलणारा, जाडा, काळा, शाळेचा शिपाई, बाईच्या वेशातला मुलगा. आमच्या एका नाटुकल्यात शिपायाची चालण्याची लकब हुबेहूब उतरवली होती. सभागृह लोळलं. ते काका दारात उभे राहून हसत होते, आणि नंतर त्यांनीच सगळ्या खुर्च्या उचलल्या. त्या लिखाणावर 'छान' असा शेरा मी स्वतः दिला होता. त्याच संध्याकाळी मी एका मुलीला बिनबाह्यांच्या पोशाखावरून सगळ्यांसमोर झापलं होतं. त्या दिवशी अशालीन काय होतं, हे मला आता विचाराल तर मी तिच्या बाह्यांचं नाव घेणार नाही.

तुमच्यातून एक चिठ्ठी आली आहे. "मुलांनाच विचारायचं तर शिक्षकाने काय करायचं? त्यांनी तेच गाणं मागितलं तर?" मागतात. दरवर्षी मागतात. मग मी गाण्याचे शब्द फळ्यावर लिहिते आणि म्हणते, चला, मला याचा अर्थ समजावून सांगा. दुसऱ्या कडव्यापर्यंत वर्ग लाजून हसायला लागतो आणि कुणीतरी मागून म्हणतं, "बाई, पुसा ना ते." बहुतेक वेळा त्यांनीच दुसरं गाणं सुचवलं आहे. दोनदा असं झालं की त्यांनी अर्थ नीट सांगितला, गाण्यात वाईट काहीच नव्हतं, आणि मीच चुकीचं ऐकलं होतं. ती दोन्ही गाणी झाली. एकात तर ठेका धरायला मला स्टेजवर ओढलं, आणि मी वायरीत पाय अडकून पडले. त्याचं चित्रण आहे. ते फक्त माझ्या घरी गेलं.