दुसरी गाडी, तीन मजले

नमस्कार, श्रोतेहो.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यालाच येऊन थांबली. गाडीचं वेड या गावाला तेव्हापासूनचं. आजची आपली गाडी मात्र कार्डांनी लढायच्या व्हिडिओ गेममधली आहे, 'मॉन्स्टर ट्रेन 2'. शायनी शू या कंपनीच्या या मालिकेतला पहिला गेम मे 2020 मध्ये आला आणि बरोबर पाच वर्षांनी, मे 2025 मध्ये, हा दुसरा. पहिल्या भागात राक्षसांची गाडी गोठलेल्या नरकात शिरत होती. या वेळी ती स्वर्गाकडे निघाली आहे आणि एकेकाळचे शत्रू, म्हणजे राक्षस आणि देवदूत, टायटन्सविरुद्ध एक झाले आहेत.

मांडणी अशी. गाडीत लढायला तीन मजले, आणि सगळ्यात वर पायर, म्हणजे गाडीचं धगधगतं काळीज. शत्रू खालच्या मजल्यावर चढतो, मारामारी होते आणि जो वाचतो तो एक मजला वर सरकतो. पायर विझली की खेळ संपला. दर फेरीला साधारण पाच कार्डं हातात येतात आणि ती खेळायला तीन एम्बर, म्हणजे खर्चायची ऊर्जा, मिळते. राक्षसाचं कार्ड टाकलं की तो मजल्यावर उभा राहतो, पण प्रत्येक राक्षस जागा खातो आणि मजल्याची जागा मोजकीच. डोंबिवलीला भरलेल्या डब्यात ठाण्याला शिरायचं असेल तर आधी अंग चोरावं लागतं, तसाच हा हिशेब.

नवशिके हरतात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. ते तिन्ही मजल्यांवर थोडे थोडे राक्षस वाटतात आणि मग कुठलाच मजला पुरा पडत नाही. एक मजला मुख्य धरा. पुढे दणकट राक्षस, कारण शत्रूचे घाव आधी त्याच्यावर पडतात. जोरदार मारा करणारा त्याच्या मागे. आणि हे विसरू नका की मजल्यावर आधी वार शत्रू करतो. आपल्या राक्षसाला 'क्विक' असेल तरच तो पहिला. म्हणून नाजूक पण जबरी राक्षसाला 'क्विक' मिळालं की सगळी लढाई पालटते. दुकानातल्या सुधारणाही वाटत बसू नका. राक्षसाच्या कार्डाला त्या दोनच बसतात, तेव्हा दोन्ही एकाच भरवशाच्या राक्षसावर घाला.

शेवटचा बॉस, म्हणजे सगळ्यात मोठा शत्रू, 'रिलेंटलेस' असतो. तो मजल्यावर आला की दोघांपैकी एक पक्ष संपेपर्यंत वार थांबत नाहीत आणि मधे एकही कार्ड टाकता येत नाही. केवळ मंत्रांच्या कार्डांच्या जोरावर इथवर आलेला डेक, म्हणजे आपला कार्डांचा संच, नेमका इथे कोसळतो. त्यामुळे पहिल्या लढाईपासूनच प्रश्न एकच विचारा: माझा मजला माझ्या मदतीशिवाय किती वेळ टिकेल?

दुसऱ्या भागातली खरी भर म्हणजे इक्विपमेंट आणि रूम ही कार्डं. इक्विपमेंट राक्षसाच्या अंगावर चढतं, रूम कार्ड मजल्यालाच लागतं आणि त्या मजल्याचे गुण बदलतं. त्यामुळे 'कोणाला उभं करू' याच्या जोडीला 'कुठे उभं करू' हा प्रश्नही तितकाच वजनदार झाला. माझ्या मते, पहिल्या भागापेक्षा हा खेळ सरस ठरतो तो एवढ्याचसाठी.

नवी पाच कुळं, म्हणजे आपापली कार्डं असलेले गट, आहेत. बॅनिश्ड हे पतित देवदूत, पायरबॉर्न ड्रॅगन, लूना कोव्हेन चंद्रकलांवर चालणाऱ्या चेटकिणी, अंडरलिजन अळंब्यांची फौज आणि लॅझरस लीग हे वेड्या प्रयोगांचे शास्त्रज्ञ. दर खेळीला एक मुख्य कूळ आणि एक जोडीचं. जुन्या भागातली कुळंही पुढे खुली होतात.

एक तक्रार आहेच. शब्दांची गर्दी फार. एकेका कार्डावर तीन-तीन खुणा असतात आणि नव्या माणसाची दमछाक होते. सुरुवातीला बॅनिश्ड आणि पायरबॉर्न या दोनच कुळांवर थांबा, म्हणजे तो भार हलका होईल. चाल मागे घ्यायची सोयही या भागात आहे. फेरी संपवण्याआधी कोण मरणार, कोण वाचणार हे पडद्यावर दिसतं. ते पाहा, पटलं नाही तर मागे या, राक्षसाची जागा बदला आणि मगच फेरी संपवा.