आधी बॉनेट, मग किल्ली

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय ते तुमच्या पोर्चमधल्या, नाहीतर गोठा पाडून केलेल्या शेडमधल्या जुन्या गाडीबद्दल. ताडपत्रीखालची फियाट, पद्मिनी, अँबेसेडर, एखादी जुनी जीप. बेळगावात शहापूर, वडगाव, टिळकवाडी, कॅम्प, तिकडं निपाणी-संकेश्वर, इकडं खानापूर, कुठंही जावा, आपल्या भागात अशी गाडी अजून दिसते. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी पुसून पुसून जपलेली. आणि त्याच घरात हाताशी आलेला मुलगा किंवा मुलगी असते, लायसन्स काढलेली. तिला नवी गाडी बाजारात न्यायला मुभा, पण ह्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायचा नाही. का? तर "मोडेल".

माझं म्हणणं, द्या. मोडली तर थोडी मोडू दे. जी गाडी पोरांनी चालवली नाही, ती गाडी पोरं ठेवत नाहीत. पुण्याला नाहीतर बेंगळुरूला नोकरीत असलेला मुलगा वडिलांच्या माघारी घर आवरायला येतो आणि गाडीचं काय करायचं म्हटलं की भंगारवाल्याचा नंबर विचारतो. त्याला नावं ठेवू नका. त्यानं ती गाडी आयुष्यभर बाहेरूनच बघितली, आणि तीही दसऱ्याला हार घातलेली.

पण एक गोष्ट आधी, आणि ती मी दोनदा सांगणार आहे. १८ पूर्ण. १८ पूर्ण झाल्याशिवाय नाही. गल्लीतसुद्धा नाही, शेताच्या वाटेनंसुद्धा नाही. २०१९ला मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. आता अल्पवयीन पोरानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक नाहीतर गाडीचा मालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि त्या पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. संध्याकाळी ट्यूशन सुटल्यावर दुसऱ्या रेल्वे गेटापाशी उभं राहून बघा एकदा. नववी-दहावीतली पोरं, एकेका स्कूटीवर तिघं तिघं. आणि आईबाप अभिमानानं सांगतात, "आमचा पाचवीत असल्यापासून चालवतोय." ह्यात अभिमान कसला, ते मला आजवर कळलेलं नाही. असो.

१८ झाली की लर्नर काढा. पुढं-मागं पांढऱ्या पाटीवर लाल एल लावा. शेजारी लायसन्सवाला माणूस पाहिजेच, आणि तो तुम्ही. जुन्या गाडीला सीट बेल्ट नसतील तर पुढच्या दोन सीटना आधी बसवून घ्या. मूळ रूप बिघडतं म्हणणाऱ्यांकडं लक्ष देऊ नका.

आता, गाडी द्यायची म्हणजे नुसती किल्ली हातात टाकायची असं नाही. आधी बॉनेट, मग किल्ली. नव्या गाडीत पोरांना बॉनेटचा खटका कुठं आहे हेही माहीत नसतं, आणि त्यांचं काही अडतही नाही. जुन्या गाडीत अडतं. रेडिएटरचं पाणी, ऑइलची काडी, फॅन बेल्ट, ब्रेक ऑइलची पातळी, हे त्यांनी स्वतःच्या हातानं बघायचं, तुम्ही नुसतं कडेला उभं राहायचं. सकाळी चोक, म्हणजे थंड इंजिनला पेट्रोल जास्त सोडणारी खुंटी, किती ओढायचा, आणि इंजिन तापल्यावर तो आत ढकलायचा राहिला की पेट्रोल कसं वाया जातं, तेही सांगायचं. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद जेमतेम चाळीस-बेचाळीस घोड्यांची. चढाला नुसतं अ‍ॅक्सिलरेटर दाबून भागत नाही, गिअर उतरवावाच लागतो. चारही चाकांना ड्रम ब्रेक. पॉवर स्टिअरिंग नाही, म्हणून उभ्या गाडीत स्टिअरिंग पिळायचं नाही. गाडी जरा हलू द्यायची, मग वळवायचं. अँबेसेडर असेल तर डिपरचं, म्हणजे हेडलाइटचा झोत खाली-वर करायचं बटण पायाखाली असतं. पोरं ते डॅशबोर्डवर शोधत बसतात आणि समोरचा शिव्या देत जातो.

पार्ट मिळत नाहीत ही तक्रार बेळगावच्या माणसानं तरी करू नये. झिजलेला बुश खिशात घालून उद्यमबागेत, आपल्या कारखान्यांच्या भागात जावा. चांगल्या टर्नरला नमुना दाखवला की तो लेथवर तसाच काढून देतो, आणि वर चहाही पाजतो. मुंबई-दिल्लीहून पार्ट मागवणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी खरं तर आज इथं येऊन बसलोय.

आमच्या ओळखीचे एक अण्णा आहेत. नाव सांगत नाही, कारण ते हा कार्यक्रम ऐकतात. शहापुरात कापडाचं दुकान. वडिलांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली १९७५ची पद्मिनी, पांढरी, गिअरची दांडी स्टिअरिंगखाली. ह्या गाडीला अण्णांशिवाय कुणी हात लावायचा नाही. धुणारा पोरगासुद्धा अण्णांच्या देखत धुणार. धाकटी मुलगी मेकॅनिकलला. तिनं मागं लागून लागून गाडीची सगळी कामं शिकून घेतली. ठिणगीचे पॉइंट घासायला शिकली, पेट्रोलात हवा मिसळणारा कार्बोरेटर उघडायला शिकली, मोकळ्या मैदानात अण्णांना शेजारी बसवून गिअरही शिकली. लायसन्स आलं. पण रस्त्यावर? "बघूया की पुढं." अण्णांचं "बघूया की" म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना माहीत.

मे महिन्यात सावंतवाडीला लग्न निघालं. अण्णा म्हणाले, पद्मिनी काढायची. मागं वहिनी, मांडीवर कुंद्याचे, आपल्या बेळगावी मिठाईचे डबे. पुढं अण्णा आणि मुलगी. हिंडलगा, बाची, शिनोळी, पाटणे फाट्याला चहा. आंबोलीपर्यंत अण्णांनीच आणली. पण क्लच दाबून दाबून त्यांचा डावा गुडघा धरला. आंबोलीत उतरले ते लंगडतच. पुढं घाट. मुलगी काही बोलली नाही, नुसता हात पुढं केला. अण्णांनी किल्ली दिली.

इथून पुढं ही गोष्ट दोन प्रकारची आहे. एक अण्णांची, एक वहिनींची. अण्णांच्या गोष्टीत ते शेजारी शांत बसून अधूनमधून सूचना करत होते. वहिनींच्या गोष्टीत पहिल्या वळणाच्या आधीच हिंडलग्याच्या गणपतीला नारळ बोलून झाला होता. अण्णा उजव्या पायानं खालची रबरी चटई अशी दाबत होते, की ती सरकून सरकून पुढं गोळा झाली. डाव्या हातानं काच वर-खाली करायचं हँडल धरलेलं. तिसऱ्या की चौथ्या वळणावर ते हँडल निघून हातात आलं. पुढचा सगळा घाट अण्णा हँडल हातात धरून उतरले. वहिनी हे सांगतात तेव्हा हँडल कसं धरलं होतं तेही करून दाखवतात.

मुलगी दुसऱ्या गिअरमध्ये. इंजिन घुमतंय, गाडी आपल्या चालीनं उतरतेय. वळणाच्या आधी ब्रेकला नुसता पाय टेकवायचा आणि सोडायचा. मागं एसटी येऊन हॉर्न देतेय. अण्णा ओरडले, "ब्रेक! अगं, ब्रेक मार!"

ती म्हणाली, "बाबा, ज्या गिअरनं चढायचं त्याच गिअरनं उतरायचं, तुम्हीच शिकवलात न्हवं? मग गप बसा की जरा. मी चालवतोय."

मुलीचं बरोबर होतं, श्रोतेहो. ड्रम ब्रेक उतारावर सतत दाबून धरले की तापतात, तापले की लायनर पकड सोडतात, आणि मग पेडल कितीही दाबा, गाडी ऐकत नाही. ज्या गिअरनं चढाल, त्याच गिअरनं उतरा. जुन्या गाडीला घाटात खरा ब्रेक इंजिनचा. पुढं रस्ता जरा रुंद झाल्यावर तिनं गाडी डावीकडं घेतली, एसटीला वाट दिली. अण्णांना ते अजून पटलेलं नाही. त्यांची पद्मिनी आणि तिला एसटी मागं टाकते म्हणजे काय!

लग्न झालं, जेवणं झाली, आहेर झाले. अण्णांना व्याह्यांकडून टॉवेल-टोपी. ऊन उतरायच्या आधीच परत निघाले. गुडघा सुजलेला, म्हणून गाडी मुलीकडंच. दाणोली मागं पडली, घाट चढायला लागला, आणि निम्म्या घाटात, नेमकी वळणावर, पद्मिनी खोकली, दोन आचके दिले आणि बंद.

मुलीनं हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला. वहिनींनी खाली उतरून चाकाला दगड लावला. (हा दगड त्यांनी निघताना उचलून पुन्हा कडेला टाकला, हे मुद्दाम सांगतो. आपल्याकडं लोक चाकाला दगड लावतात, गाडी सुरू झाली की निघून जातात, दगड रस्त्यातच. रात्री एखादा मोटारसायकलवाला त्याच्यावर जाऊन पडतो. अशा लोकांना त्याच घाटात त्याच दगडावर बसवून ठेवलं पाहिजे.)

तर बॉनेट उघडलं. जुन्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनलाच चिकटलेला असतो. मेचं ऊन, चढ, संथ चाल, पुढून वारा नाही. पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. कार्बोरेटर कोरडा. ह्याला व्हेपर लॉक म्हणतात. औषध साधं, पंपावर ओलं फडकं घालायचं आणि धीर धरायचा. अण्णा म्हणाले, "फडकं बघ डिकीत." डिकीत पिवळं डस्टर, रुमालाएवढं. त्यात पाणी किती राहणार? मुलीनं इकडं-तिकडं बघितलं, पिशवीत हात घातला, आहेराचा टॉवेल काढला, घडी मोडली, त्याच्यावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि पंपाभोवती गुंडाळला.

"अगं, तो आहेराचा!" अण्णा.

"कपाटात सतरा पडलेत तसले," वहिनी.

एक ट्रकवाला थांबला, खाली उतरला. मुलीचे हात कोपरापर्यंत काळे, अण्णा बाजूच्या कठड्यावर गुडघा धरून बसलेले, डोक्यावर नवी टोपी. ट्रकवाल्यानं विचारलं अण्णांना, "काय झालं काका? पंप काय?" अण्णांनी मुलीकडं बोट केलं, "तिला विचार." ट्रकवाल्यानं तिला विचारलं, मग त्या दोघांचं पंप, नळ्या, पॉइंट असं बराच वेळ चाललं. त्यानं आपल्या कॅनमधलं पाणी दिलं, टॉवेल पुन्हा भिजवला. थोड्या वेळानं तिनं सेल्फ मारला. नाही. पुन्हा मारला. नाही. मग खोकत खोकत एका सिलिंडरवर, दोनवर, आणि शेवटी चारही लागले.

शिनोळीपर्यंत तिनंच आणली. अण्णांच्या म्हणण्याप्रमाणं ते डोळे मिटून इंजिनचा आवाज ऐकत होते. वहिनी म्हणतात, घोरत होते.

तो टॉवेल आता डिकीतच असतो, पाण्याच्या कॅनशेजारी. तुम्हीही मे महिन्यात घाटाला जाणार असाल तर ठेवा.

आता ह्यातून घ्यायचं ते एवढंच, शेजारी बसा आणि गप्प बसा. चालवणाऱ्याला ऐनवेळी "ब्रेक, ब्रेक" केलं की तो नको तिथं ब्रेक मारतो. सांगायचं ते घरून निघायच्या आधी सांगा. आधी बॉनेट, मग किल्ली, मग गप्प.

वेळ थोडा उरलाय, दोन गोष्टी पटकन सांगतो. गाडीला पन्नास वर्षं झाली म्हणून व्हिंटेज नोंदणी करावी काय, असं लोक विचारतात. जुलै २०२१पासून केंद्राचा तसा नियम आहे, पाटीवर व्हीए अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २० हजार. पण मग ती गाडी रोजच्या कामाला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. भाड्यानं तर द्यायचीच नाही. पोरांनी चालवावी, लग्नाकार्याला न्यावी असं वाटत असेल, तर साधं रजिस्ट्रेशनच ठेवा आणि दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्या. आणि ते फोटोवाले लग्नाआधीचे फोटो काढायला जुनी गाडी मागतात, बॉनेटवर चिकटपट्टीनं फुलं लावतात. पट्टी काढताना रंग निघतो. मी असतो तर देणार नाही.

दुसरं, पेट्रोल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. आपल्याच चिक्कोडी-अथणीच्या उसाला त्यातून बाजार मिळतोय, ते चांगलंच आहे. पण १९७५च्या गाडीच्या रबरी नळ्या आणि इंजिनवरच्या पंपाचा पडदा ह्या पेट्रोलसाठी केलेला नाही. फुगतो, तडकतो, गळती लागते. नळ्या आणि पडदा नव्या पेट्रोलला चालणारे बसवून घ्या, आणि आगीची भीती असते म्हणून हे काम पुढं ढकलू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळं गाडी महिनोन्‌महिने तशीच उभी राहिली की पत्र्याची टाकी आतून गंजते. रविवारी सकाळी, रस्त्यावर गर्दी व्हायच्या आत, मुलीला नाहीतर मुलाला घेऊन राकसकोप धरणापर्यंत जाऊन या. टाकी हलती राहील. चालवायला त्यांना द्या, आणि काच वर-खाली करायचं हँडल जरा सांभाळून धरा.

नमस्कार.