वेबसाइटचा सातबारा

(पहाट. देवबागची पुळण. जाळी घेऊन होडी पाण्यात उतरते आहे.)

देवबागात जमीन मोजकीच. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधे माडांची चिंचोळी पट्टी. इथे गुंठ्यागुंठ्याचा हिशेब असतो. गडगा हातभर सरकला, तर दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. सातबाऱ्यावर नाव कुणाचं, हे शाळकरी पोरही झोपेत सांगेल.

म्हणून इथल्याच एका काकांना आम्ही विचारलं, तुमची वेबसाइट कुणाच्या नावावर आहे?

(अंगण. शेणानं सारवलेलं खळं, दोरीवर पाहुण्यांचे टॉवेल.)

काकांचं दोन खोल्यांचं न्याहारी-निवास आहे. करोनाच्या आदल्या वर्षी मुंबईचा एक तरुण पाहुणा इथल्या सोलकढीवर इतका खूश झाला, की जाण्याआधी त्यानं वेबसाइटच करून दिली. पैसे घेतले नाहीत. नाव काकांच्या आजोबांचं, पुढे डॉट कॉम. काकांनी ते रस्त्यावरच्या पाटीवर रंगवलं, कार्डांवर छापलं, भाच्याच्या रिक्षामागेही लिहून घेतलं.

मुलाच्या मनात खोट नव्हती. पण नोंदणी करताना त्यानं स्वतःचा ऑफिसचा ईमेल टाकला. पुढे नोकरी बदलली, तो ईमेल बंद पडला, आणि 'मुदत संपत आली' अशा सूचना त्या बंद पेटीत पडत राहिल्या. एका डिसेंबरात, ऐन हंगामात, वेबसाइट उघडेना. काकांना वाटलं नेटवर्क गेलं असेल. इथे ते जातंच. शिमग्याला एका जुन्या पाहुण्याचा फोन आला, "काका, तुमच्या साइटवर जुगाराची जाहिरात कशी काय?"

(काका, पडवीत बसलेले.)
"सातबारो माज्या नावार आसा. घरपट्टी मी भरतंय. मगे ह्यां दुसऱ्याच्या नावार कसां?"

त्याचं उत्तर असं. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, विकत मिळतच नाही. ते खंडानं मिळतं, एका वेळी फार तर 10 वर्षांसाठी. डॉट कॉम नावाची मुदत टळली, की नोंदणी करणारी कंपनी काही दिवस थांबते. किती, ते ज्याच्या त्याच्या नियमावर. नंतर नाव रद्द होतं. पुढचे 30 दिवस जादा पैसे मोजून ते सोडवता येतं. त्यानंतरचे 5 दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि मग ते जगात कुणीही घ्यावं. माणसांची ये-जा असलेली जुनी नावं टिपायला टपलेले लोक असतात. पाहुणे आयते मिळतात ना.

(मोबाईलचा पडदा. बोट टाइप करतं आहे.)

या जमिनीचा उतारा घरबसल्या फुकट पाहता येतो. आयकॅन ही डोमेनची व्यवस्था पाहणारी संस्था, तिच्या लुकअप पानावर नाव टाका. नोंदणी कधीची, मुदत कधीपर्यंत, कुठल्या कंपनीकडे, हे दिसतं. मालकाचं नाव मात्र बहुतेक वेळा झाकलेलं असतं. तेव्हा खरा प्रश्न एवढाच, की नोंदणीच्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड कुणाच्या हातात आहे? साइट पुतण्यानं केली असो की सावंतवाडीच्या दुकानदारानं, ते मागून घ्या. वाईटपणा येईल. येऊ दे.

आणि एक चूक जाणतेही करतात. खात्याला त्याच डोमेनचा ईमेल जोडतात. नाव गेलं की ईमेलही गेला, मग पासवर्ड बदलायचा कोड येणार कुठे? चावी घरात ठेवून दार ओढून घेण्याची ही तऱ्हा. त्यासाठी वेगळा ईमेल ठेवा, आणि त्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खातरजमा, लावा.

(देवगड. बागेत झेल्यानं आंबे उतरवताहेत.)

उताऱ्यातली नोंदणीची तारीख गिऱ्हाइकाच्याही कामाची. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकन असलेला शब्द कुणाच्याही साइटवर टाइप करता येतो. 'तीन पिढ्यांची बाग, थेट देवगडहून' असं लिहिलेल्या साइटचा उतारा काढावा, तर जन्म गेल्या आठवड्यातला! मग पेटीचे पैसे आगाऊ कशाला पाठवायचे? साइटच्या पत्त्यात एचटीटीपीएस आहे, शेजारी कुलपाचं चिन्ह दिसतं, हा पुरावा नव्हे. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमच्यात आणि त्या साइटमध्ये जे जातं-येतं ते वाटेत कुणाला वाचता येणार नाही. पलीकडे बागायतदार बसलाय की भामटा, ते कुलपाला ठाऊक नसतं. त्या कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकटही मिळतं.

(पुन्हा काकांची पडवी. फोन वाजतो.)

घरमालकांना फसवणारा फोन बहुधा ठरावीक असतो. "मी फौजेतला अधिकारी, चार खोल्या हव्यात, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा." क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे येत नाहीत, जातात. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागतच नाही. काकूंनी हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. खाली 1930 हा सायबर फसवणुकीचा क्रमांक. पैसे गेलेच, तर तो लगेच फिरवायचा. पुढच्या खात्यातून रक्कम निघण्याआधी तक्रार पोचली, तरच ती अडवता येण्याची आशा.

गूगल मॅपवरही असंच लक्ष ठेवावं लागतं. तुमच्या घराची खूण तिथे कुणा पाहुण्यानं आधीच टाकलेली असू शकते, आणि फोन नंबर बदलण्याची सूचना कुणीही करू शकतो. ती नोंद आपल्या ताब्यात घ्या, फुकट आहे. महिन्यातून एकदा नंबर बघा.

खरं सांगायचं, तर दोन खोल्यांच्या घराला वेबसाइट लागतेच असं आम्हाला वाटत नाही. मॅपवरची नोंद आणि व्हॉट्सॲप बिझनेस पुष्कळ झालं. साइट केलीच, तर फोटो हलके ठेवा, आणि फोन नंबर चित्रात कोरू नका, अक्षरांत लिहा. करूळ घाटात अर्ध्या दांडीच्या नेटवर्कवर तेवढाच उघडतो.

काकांना मात्र आजोबांचं नाव हवंच होतं. आम्ही म्हटलं, थोडं वेगळं घ्या, जुन्या पत्त्यावर अजून जुगार चालू आहे. ऐकलं नाहीत. तेच नाव, पुढे डॉट इन. या वेळी ईमेल काकूंचा, मुदत 5 वर्षांची, आणि संपण्याची तारीख कपाटात, सातबाऱ्याच्याच फायलीत.

(रस्ता. पाटीजवळ शिडी. पेंटर 'कॉम' खरवडतो आहे.)

"काका, टिंब केवढां काढू?"

"एस्टीतल्या माणसाक दिसूक होया."