मोठेपणी सेल्फ डिफेन्स: आधी भीड मोडायची

डोंबिवलीतल्या एका शाळेचा हॉल, रविवारची सकाळ, आणि आत वीसपंचवीस मोठी माणसं चक्क ओरडतायत. कोणी बँकेत आहे, कोणी पोळीभाजी केंद्र चालवतं, एक काका रिटायर्ड आहेत, दोघी मैत्रिणी नाइट शिफ्टवाल्या. सर एकेकाच्या समोर जातात, जवळ जवळ येत राहतात, आणि समोरच्याने दोन्ही तळवे छातीसमोर उघडे धरून पोटातून आवाज काढायचा, "मागे व्हा!" बघायला सोपं वाटतं. पण नवीन आलेल्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा आवाजच फुटत नाही, फुटला तरी सॉरी म्हटल्यासारखा फुटतो.

आणि तिशी-चाळिशीनंतर सेल्फ डिफेन्स शिकायला आलेल्या माणसाचा सगळ्यात मोठा अडथळा मला तरी हाच वाटतो. गुडघे दुखतात, वजन वाढलंय, बीपीची गोळी चालू आहे, हे सगळं खरं आहे पण त्याच्यावर उपाय निघतो, सावकाश सुरुवात करायची, डॉक्टरांना विचारून करायची. भिडेचं काय करायचं? इतकी वर्षं आपल्याला हेच शिकवलंय की तमाशा नको, लोक बघतायत, मोठ्या माणसाला उलट बोलू नये. भीड ही भिकेची बहीण असं आपणच म्हणतो आणि लोकलच्या गर्दीत कोणी मुद्दाम अंगाला घासलं तरी आधी मनात येतं, अरे चुकून लागलं असेल.

आता अंगात काय होतं ते बघा. धोका जाणवला की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडायला लागते, हात थरथरतात, नजर समोरच्या एकाच गोष्टीवर अडकते, बाजूचं दिसत नाही, आणि बोटांची बारीक कामं जमत नाहीत, म्हंजे मोबाइलचं लॉक उघडणं किंवा पर्सची चेन ओढणं हे सुद्धा. पुष्कळ लोक जागच्या जागी थिजतात. तो भित्रेपणा नाही, शरीर तसंच बनलेलं आहे, आणि ज्यांच्यासोबत कधी असं झालंय आणि जे नंतर स्वतःलाच दोष देत बसलेत त्यांनी हे नक्की ऐकावं. म्हणूनच चाळीस डाव पाठ करून उपयोग नसतो, तीन-चार गोष्टी पण दमलेलं असताना, कोणी अंगावर ओरडत असताना, धक्के देत असताना पुन्हा पुन्हा केलेल्या, त्याच त्या वेळी बाहेर पडतात.

अशा थोडक्या पण नेमक्या ट्रेनिंगवर कॅनडात चांगला अभ्यास झालाय. शार्लिन सेन ह्या संशोधिकेने तिथल्या तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या जवळपास ९०० मुलींना घेऊन तो केला, २०१५ मध्ये तो न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला. अर्ध्या मुलींना फक्त माहितीपत्रकं दिली, अर्ध्यांना १२ तासांचं ट्रेनिंग. वर्षभराने बघितलं तर पत्रकवाल्या मुलींमध्ये बलात्काराचा धोका ९.८ टक्के होता आणि ट्रेनिंगवाल्यांमध्ये ५.२ टक्के. फक्त १२ तास! आणि त्या १२ तासांत मारामारी हा एक भाग होता, बाकी धोका लवकर ओळखणं, आणि ओळखीच्या माणसाला ठामपणे नाही म्हणताना मनात जे अडतं त्याच्यावर काम. ओळखीच्या माणसाला, हे महत्त्वाचं. आपल्याकडे सुद्धा एनसीआरबीचे, म्हंजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाचे आकडे दरवर्षी हेच सांगतात, बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीचाच असतो. मग फक्त अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसाची तयारी करून घेणारा क्लास अर्धवटच शिकवतोय असं माझं मत आहे.

इथे सर ओरडायला शिकवतात ते सुद्धा काय ओरडायचं ते ठरवून. नुसतं "वाचवा" नाही. "मी तुम्हाला ओळखत नाही, माझा हात सोडा!" कारण रस्त्यात बाई आणि पुरुष भांडताना दिसले की लोकांना वाटतं नवरा-बायकोचं आहे, आपण कशाला मध्ये पडा, आणि ते पुढे निघून जातात. आणि गर्दीला उद्देशून मदत मागायची नाही, एकाला पकडायचं, "अहो निळा शर्टवाले काका, ११२ ला फोन लावा!" गर्दीत प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणी करेल, नाव घेतल्यासारखं बोट दाखवलं की तो माणूस हलतो.

मग अंतर. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस ट्रेनर डेनिस ट्यूलर ह्यांनी मोजून बघितलं होतं, चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात पार करतो. २१ फूट म्हंजे आपल्या एका मोठ्या हॉलची लांबी. तेवढ्या वेळात ट्रेनिंग झालेला पोलीस सुद्धा जेमतेम पिस्तूल काढतो. म्हणून चाकू दिसला तर इथे एकच शिकवतात, काढता पाय घ्या. चेन मागतोय, मोबाइल मागतोय, देऊन टाका, शक्यतो त्याच्यापासून लांब फेका आणि उलट्या दिशेने पळा. सोशल मीडियावर चाकू हिसकावून घ्यायचे जे व्हिडिओ फिरतात ते बघून कृपा करून कोणी प्रयोग करू नका, तिथे समोरचा पार्टनर हात पुढे करून थांबलेला असतो, खरा हल्लेखोर थांबत नाही, एकामागून एक वार करतो.

हात वापरायचाच झाला तर मूठ नाही, तळहाताचा खालचा टणक भाग. सवय नसलेल्या माणसाने मुठीने कवटीवर मारलं तर करंगळीमागचं हाड मोडतं, हॉस्पिटलमध्ये हे फ्रॅक्चर नेहमीचं आहे. तळहाताने नाक किंवा हनुवटी, जवळ आला तर कोपर, गुडघा. मनगट धरलं तर समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूने हात फिरवून झटक्यात ओढायचा, पकड तिथेच सगळ्यात कच्ची असते. मागून केस धरले तर दोन्ही हातांनी त्याचाच हात आपल्या डोक्यावर दाबून धरायचा, मग ओढ बसत नाही आणि वळता येतं. आणि सुटलात की थांबायचं नाही, दोन फटके जास्त लगावायचे नाहीत, उजेडाकडे, माणसांकडे निघायचं.

आता रिटायर्ड काका काय करतायत बघा, पडायला शिकतायत. ज्युदोवाले पहिल्या दिवसापासून हेच करून घेतात. मागे पडताना हनुवटी छातीला लावायची म्हंजे डोकं आपटत नाही, आणि हात मागे टेकवायचा नाही, कारण सगळं वजन मनगटावर येऊन ते मोडतं, त्याऐवजी पूर्ण हात जमिनीवर सपाट आपटायचा. बाथरूममध्ये, पावसाळ्यात शेवाळलेल्या जिन्यावर, कुठेही हे कामाला येतं, आणि साठीच्या माणसाला चोरापेक्षा ह्या पडण्याचाच जास्त धोका असतो, त्यामुळे ह्या वयात काय शिकायचं असं कोणी म्हटलं तर मी आधी हेच सांगतो.

पुरुषांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याच्यावर फार कमी बोललं जातं. त्यांची भांडणं पार्किंगवरून, कट मारल्यावरून, "काय बघतोस रे" वरून सुरू होतात. एकच ठोसा बसतो, माणूस मागे पडतो, डोकं डांबरावर आपटतं आणि जीव जातो, मारणारा घरून खून करायला निघालेला नसतो. म्हणून सर पुरुषांच्या जोड्या लावून त्यांना म्हणायला लावतात, "दादा सॉरी, चूक माझी, निघतो मी." चूक नसली तरी. चांगली दणकट माणसं हे वाक्य म्हणताना अडखळतात. कित्येकांना ठोसा मारणं सोपं जातं, हे जमत नाही, आणि मला वाटतं ह्या हॉलमध्ये सगळ्यात जास्त जीव वाचवणारं शिक्षण हेच असेल.

आठ मार्चला, महिला दिनाला, ऑफिसात दोन तासांचं वर्कशॉप होतं, कौलं फोडून दाखवतात, फोटो निघतात. त्याने उत्साह येतो, सवय लागत नाही. क्लास निवडताना एवढंच विचारा की समोरचा पार्टनर खरंच जोर लावतो का, आणि पळायला शिकवता का.

कायदा काय म्हणतो ते पण माहीत पाहिजे, कारण "मी मारलं तर मलाच आत टाकतील" ही भीती खूप जणांना असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत, आधी आयपीसीत, म्हंजे जुन्या भारतीय दंड संहितेत, ती ९६ ते १०६ होती. वार अंगावर पडेपर्यंत थांबायची गरज नाही, धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंत चालतो. जीव घेणारा हल्ला, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिड, अशा वेळी कलम ३८ प्रमाणे हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. पण बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. तो खाली पडला, पळायला लागला, धोका संपला आणि तरी तुम्ही मारत राहिलात तर ते स्वसंरक्षण राहत नाही.

सुटल्यावर ११२ लावायचा, मुंबईच्या लोकलमध्ये किंवा स्टेशनवर असाल तर रेल्वे पोलिसांचा १५१२. गुन्हा कुठल्या हद्दीत झाला ह्यावरून कोणी परत पाठवलं तर झीरो एफआयआर मागायची, कुठल्याही पोलीस स्टेशनला ती घ्यावी लागते. आणि हा फोन करायची सुद्धा इथे प्रॅक्टिस होते, हॉलला चार फेऱ्या मारून धापा टाकत असताना. आधी कुठे आहात ते सांगायचं, प्लॅटफॉर्म नंबर, दुकानाचा बोर्ड, जे दिसतंय ते, काय झालं ते नंतर, कारण फोन मध्येच कट झाला तरी गाडी निघालेली असते.